यो इगो नाय, यो कान हाय

आमच्या बाजूला माणूस वेगळा वागायला लागला की त्याला न्यायची ठिकाणं दोनच होती. एक भगताकडे, दुसरं ठाण्याला. कल्याण-डोंबिवलीच्या पलीकडल्या खेड्यांत ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळायचं. ठाण्यात तलाव आहेत, कलेक्टर कचेरी आहे, रोज सकाळी निम्मी डोंबिवली पोटासाठी तिकडे उतरते. पण बोलण्यात ठाणं म्हणजे १९०१ सालापासूनचं मनोरुग्णालय. पुण्याकडचे लोक येरवड्याचं नाव घेतात, खाली कोकणात रत्नागिरीचं. आम्ही ठाण्याचं घ्यायचो. गंमत म्हणून घ्यायचो, आणि ज्याच्यावर ती गंमत व्हायची त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी यायचं.

आता असं उघड कोणी म्हणत नाही. गावाच्या भाताच्या खाचरांत टॉवर उभे राहिले, पोरं इंग्रजी शाळेत गेली, सुना शहरातून आल्या. आता म्हणायचं असतं, ‘त्याचं काहीतरी सायकॉलॉजिकल आहे.’ त्याच्याही पुढचं शिक्षण झालेलं असेल तर आणखी बारीक वाटण्या आहेत. कोणी कमी बोललं की डिप्रेशन. जास्त बोललं की अटेन्शन सीकिंग. सकाळी हसला आणि संध्याकाळी चिडला की मूड स्विंग. दोनदा हात धुतले की ओसीडी. आणि ऐकलंच नाही, तर इगो प्रॉब्लेम.

माझं भांडण डॉक्टरांशी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. इंग्रजीशीही नाही. टेबल, बस, डॉक्टर, इंजेक्शन हे शब्द आमच्या आजीनेही वापरले आणि तिचं मराठी काही बाटलं नाही. माझं भांडण त्या घाईशी आहे. माणसाचं वागणं कळेनासं झालं, की आपण त्याच्यावर एक इंग्रजी चिठ्ठी चिकटवतो, आणि चिठ्ठी चिकटली की आपल्याला वाटतं, कळलं! खरं म्हणजे त्या क्षणाला आपण विचारायचं बंद केलेलं असतं. ज्याला आपण उत्तर समजतो ते दाराला लावलेलं कुलूप असतं, आणि माणूस आत राहतो.

माझ्या चुलत्याचं सांगतो. चुलता बावीस वर्षं भिवंडीला मागावर होता. मागाच्या शेडमध्ये जो गेलाय त्यालाच तो आवाज माहीत. शेकड्यानं माग एकदम चालू, धोट्याची खटाखट, पत्र्याचं छप्पर, आवाजाला जायला जागा नाही. बाजूच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं, नाहीतर हातवारे. चुलता घरी आला तरी पहिला तासभर हातवारेच करायचा, आणि आम्ही पोरं त्याची नक्कल करायचो.

वयाची साठी जवळ आली तसं त्यानं काम सोडलं आणि घरी बसला. मुलाचं लग्न झालं, सून डोंबिवलीची, शिकलेली, स्वभावाने गरीब पोर. आणि घरात एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. चुलता पारावर बसून बाप्यांशी तासन्‌तास बोलायचा, पण घरात बायकोनं हाक मारली तर ओ देत नव्हता. सून चहा ठेवून काही विचारायची, हा पेपर वाचत राहायचा. चार वर्षांची नात ‘आजा, आजा’ करून थकायची. हळदीच्या मांडवात बँजो सुरू झाला की हा उठून बाहेर आंब्याखाली जाऊन बसायचा. फोन आला की ‘हां हां’ करायचा आणि ठेवून द्यायचा. पुन्हा विचारलं की अंगावर यायचा.

सुनेचा भाऊ एका कंपनीत माणसं नेमायच्या खात्यात होता. तो एकदा जेवायला आला, दोन तास बसला, आणि जाताना निदान करून गेला. ‘काकांचा मेल इगो आहे. बायकांशी बोलणं त्यांना कमीपणाचं वाटतं. त्या पिढीत असतंच.’

झालं. दोन वर्षं त्या घरात हाच शब्द नांदला. बाबांचा इगो दुखावला. बाबांच्या इगोला कोण हात लावणार. चुलत भावानं बापाशी बोलणं कमी केलं. सून कामापुरतं बोलायला लागली. नात आज्याला हाक मारायची सोडून आईकडून निरोप पाठवायला लागली. आणि चुलता आणखी घुमा झाला, कारण त्याच्या बाजूने बघाल तर घरातली माणसं आपल्याआपल्यात पुटपुटत होती आणि त्याच्याकडे बघून गप्प होत होती. त्याला वाटलं, मी कमवत नाही म्हणून हे असं.

एका पावसाळ्यात ओटीवर बसल्या बसल्या चुलता म्हणाला, ‘औंदा रातकिरे मेले का काय? एक पन बोलत नाय.’

बाहेर रातकिड्यांचा नुसता कालवा चालला होता. सगळे हसले. भाऊ म्हणाला, ‘बाबांचं काहीतरी भलतंच.’ हसली नाही ती फक्त चुलती. तिनं दुसऱ्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली. कुकरची शिटी झाली, याला कळली नाही. रस्त्यावर ट्रकनं भोंगा वाजवला, यानं मान वळवली. नातीनं हाक मारली, नाही. शेजारच्या दादल्यानं हाक मारली, ओ दिली. आठ दिवसांनी ती त्याला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेली. तिथे डबीसारख्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावून आलेख काढला आणि सगळं उलगडलं. वर्षानुवर्षं मोठा आवाज ऐकलेल्या माणसाचे आधी बारीक, उंच आवाज जातात. जाड, खालचे आवाज राहतात. म्हणून बाप्यांचं बोलणं पोचतं, बायका-पोरांचं पोचत नाही. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ गळून पडतात, म्हणून शब्द अर्धा ऐकू येतो आणि माणूस चुकीचं उत्तर देतो, मग चिडतो. गोंगाटात तर काहीच वेगळं काढता येत नाही, म्हणून मांडव सोडून आंब्याखाली. कुकरची शिटी आणि रातकिडे त्याच उंच आवाजातले.

घरी आल्यावर चुलती ओटीवर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘यो इगो नाय, यो कान हाय.’

मला या गोष्टीत चीड येते ती त्या पाहुण्याची नाही. तो दोन तासांचा पाहुणा. चीड येते ती या गोष्टीची, की चुलत्यानं स्वतःच्या तोंडानं आपल्या दुखण्याचा पत्ता सांगितला होता. रातकिडे ऐकू येत नाहीत, असं तो मराठीत, घरात, सगळ्यांसमोर म्हणाला. पण त्या घरात उत्तर आधीच येऊन बसलं होतं. उत्तर घरात असताना कोण कशाला कान देतो? बहिरा एकटा चुलता होता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि या ‘इगो’ शब्दाची गंमत बघा. फ्रॉइड नावाच्या ज्या डॉक्टरमुळे तो जगभर झाला, त्यानं तो वापरलाच नव्हता. तो लिहायचा जर्मनमध्ये, आणि त्यानं लिहिलं होतं ‘इख’. म्हणजे साधं ‘मी’. जर्मन पोर पाणी मागताना जो शब्द वापरतं तो. त्याची पुस्तकं इंग्रजीत आली तेव्हा त्या ‘मी’चा लॅटिन ‘इगो’ झाला, कारण इंग्रज डॉक्टरांना भारदस्त शब्द हवा होता. पुढे बोलता बोलता त्याचा अर्थ घमेंड असा झाला. म्हणजे जर्मनाचा ‘मी’, लॅटिनची शेरवानी घालून इंग्रजीतून डोंबिवलीच्या सोफ्यावर येऊन बसला आणि आमच्या चुलत्याला घमेंडखोर ठरवून गेला. अंगावरचे कपडे उतरवले तर आत काय आहे, तर ‘मी’. चुलत्याच्या त्या ‘मी’ला दोन वर्षं कुणी विचारलं नाही.

आपल्याकडे शब्द नव्हते म्हणून इंग्रजी घेतला, असं कोणी म्हणेल तर ते खोटं आहे. घुमा, तिरसट, हेकट, लहरी, भिडस्त, एकलकोंडा, तऱ्हेवाईक, छांदिष्ट, विक्षिप्त, चक्रम, सणकी. पुन्हा पुन्हा हात धुणाऱ्या, कडी तपासणाऱ्या माणसाला ‘मंत्रचळ लागला’ म्हणायचे. तो शब्द इतका नेमका आहे की मराठीतून बोलणारे मानसोपचारतज्ज्ञ अजून वापरतात. या शब्दांमध्ये शिव्याही आहेत, मी काही त्यांना गंध-फूल वाहत नाही. आमच्या आगरी बोलीत ‘येरा’ म्हणून एखाद्याला जन्मभर ठेचलेलं मी पाहिलंय. पण एक फरक आहे. ‘घुमा’ म्हटलं की ऐकणारा लगेच म्हणतो, ‘का बरं? काय झालं?’ त्या शब्दाला कारण चिकटलेलं नसतं, तो फक्त वागणं सांगतो, म्हणून पुढचा प्रश्न सुटा राहतो. ‘इगो प्रॉब्लेम’ म्हटलं की कुणी ‘का?’ विचारत नाही. त्या शब्दाच्या पोटात कारण आयतं भरलेलं असतं, बाजारातल्या भरल्या वांग्यासारखं. घरी काही करावंच लागत नाही.

इथपर्यंत नुसता आळस आहे. पण या शब्दांचा दुसरा एक उपयोग आहे आणि तो आळसाचा नाही, हिशेबाचा आहे.

आमचं गाव सत्तावीस गावांतलं. २००२ साली महापालिकेतून बाहेर काढलं, २०१५ साली पुन्हा आत घातलं. या आत-बाहेरच्या काळात कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांनी जमिनी गेल्या. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाबांनी मात्र सही द्यायचं नाकारलं. रोज सकाळी काठी टेकत बांधावर जायचे, उन्हं चढेपर्यंत बसायचे आणि परत यायचे. विचारलं तर धड बोलायचे नाहीत. जमिनीचा व्यवहार जमवणारा मध्यस्थ त्यांच्या मुलांना म्हणाला, ‘बाबांचा इमोशनल इश्यू आहे. या वयात होतं. कुठे तरी काउन्सेलिंगला न्या.’ मुलांनाही पटलं. पैसा समोर दिसत असताना असलं निदान लवकर पटतं.

एकदा बांधावरच त्यांच्याशेजारी बसून मी विचारलं, ‘बाबा, सही का नाय करीत?’ म्हातारा म्हणाला, ‘माझ्या बहिणी दोन. त्यांना इचारलं का कुनी? त्यांच्याकडून हक्कसोड लिहून घेताव म्हनतात. एक तर रांडमुंड हाय. मी बापाला काय सांगू?’

यात इमोशन कुठे आलं? हा हिशेब आहे, आणि चोख आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क देणारे कायदे केले. बहिणींना विचारा, हा म्हाताऱ्याचा आग्रह त्या कायद्यांच्या जातकुळीचा होता. तो एक प्रश्न विचारत होता. त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर पैसे वाटावे लागले असते. म्हणून प्रश्नालाच आजार ठरवलं. भांडणाला लक्षण म्हटलं की भांडण जिंकावं लागत नाही, नुसती गोळी आणावी लागते.

जून २०१७ मध्ये आमच्या बाजूलाच नेवाळीला शेतकरी रस्त्यावर आले. दुसऱ्या महायुद्धात विमानतळासाठी घेतलेली जमीन परत मागत होते. गाड्या जळल्या, माणसं जखमी झाली. गाड्या जाळणं चूकच. पण त्यानंतर कितीतरी दिवस लोकलच्या डब्यात मी एकच वाक्य ऐकत होतो, ‘जमिनीच्या बाबतीत हे लोक फार इमोशनल असतात.’ युद्ध संपून बहात्तर वर्षं झाली, जमीन का परत नाही, हे विचारणारा एक जण भेटला नाही. ‘इमोशनल’ म्हटल्यावर विचारायला उरलं काय?

आणि हे मी एकटा म्हणत नाही. आपल्या देशाचा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला, मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट आहे, की माणसाची राजकीय, आर्थिक, सामाजिक स्थिती बघून त्याला मानसिक आजारी ठरवायचं नाही. समाजात चालत आलेल्या रीतीभाती, मूल्यं, श्रद्धा तो मानत नाही म्हणूनही ठरवायचं नाही. डॉक्टरावर एवढं बंधन आहे. पारावरच्या, सोफ्यावरच्या आणि ओसरीवरच्या डॉक्टरांवर काहीच नाही.

आता समोरची बाजू. कोणी म्हणेल, तुमचं गाव काय मोठं शहाणं होतं? नव्हतं. गावाकडे जुनी कुलपं होती आणि ती इंग्रजीपेक्षा जड होती. ‘बाहेरचं आहे’, ‘कुणीतरी केलंय’, ‘अंगात येतं’. आमच्या आळीतली एक लेक लग्नानंतर वर्षभरात माहेरी आली. एकटीच बोलायची, रात्री उठून दाराला पाटा लावायची, जेवणात काही घातलंय म्हणायची. घरच्यांनी दोन वर्षं भगत केले. कोंबडा झाला, लिंबं झाली, अमावास्येचा उतारा झाला. मग डोंबिवलीचा मामा आला, सुधारलेला. त्यानं भगताला हाकललं, हे बरं केलं. पण त्यानं सिनेमे पाहिले होते. तो म्हणाला, ‘ही स्प्लिट पर्सनॅलिटी आहे. लग्नाच्या स्ट्रेसनं होतं. आपोआप जाईल.’ आणखी दोन वर्षं गेली. भगताने दोन खाल्ली, मामाने दोन खाल्ली. पोरीच्या पदरात चार वर्षं गेल्याची जमा झाली, एवढंच.

शेवटी गावातली आशाताई, दुसऱ्याच कामाला आलेली, तिच्या बाजूला बसली आणि तिनं विचारलं, ‘ताई, समोर कुणी नसताना तुला कुणाचं बोलणं ऐकू येतं का गं?’ पोर म्हणाली, ‘दोन बायका बोलतात. मला मारणार म्हणतात. म्हणून तर पाटा लावते.’ चार वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला होता. त्या आठवड्यात तिला ठाण्याला नेलं. त्याच ठाण्याला, ज्याची आम्ही गंमत करायचो. गोळ्या चालू झाल्या, सहा महिन्यांत पाटा जागेवर गेला. आज ती बचतगटाचा हिशेब लिहिते.

तिचा आजार स्किझोफ्रेनिया. मामाचा शब्द चुकीचाच होता. स्विस डॉक्टर ब्लॉयलर याने १९०८ साली ग्रीक शब्द जोडून हे नाव काढलं, त्याचा शब्दशः अर्थ ‘दुभंगलेलं मन’. पण त्याला म्हणायचं होतं की विचार, भावना, वागणं यांचा एकमेकांशी असलेला सांधा सुटतो. एका अंगात दोन माणसं राहतात, असं त्याला म्हणायचं नव्हतं. तो अर्थ सिनेमावाल्यांनी लावला. नावातल्या एका शब्दावरून जगभर गैरसमज झाला, आणि तो फिरत फिरत आमच्या आळीपर्यंत आला.

भगताच्या कुलपाची किंमत काय असते, तेही विसरून चालणार नाही. ऑगस्ट २००१ मध्ये तामिळनाडूत एरवाडीला एका दर्ग्याजवळच्या झोपडीवजा आश्रमात आग लागली. बरं होण्यासाठी आणून ठेवलेली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. त्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. आपल्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीनं, साखळीनं बांधणं, मारणं हा गुन्हा केला आहे. हे झालं ते योग्यच. मी गावाच्या बाजूने आणि शहराच्या विरुद्ध बोलत नाही. साखळीनं बांधणं आणि शब्दानं बांधणं यांची बरोबरी मी करणार नाही, ती करणं पाप होईल. पण दोन्हीकडे एक चूक सारखी आहे. दोघांनीही माणसाला विचारलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. इंग्रजी शब्दाने लाज झाकली जाते. ‘पोरगी येरी झाली’ म्हणण्यापेक्षा ‘डिप्रेशन आहे’ म्हटलं तर आईची मान वर राहते, ऑफिसात रजा मागता येते, स्थळं मोडत नाहीत. मान्य. कितीतरी घरांत या पडद्याच्या आडूनच माणूस डॉक्टरपर्यंत पोचला. अशा घरातला इंग्रजी शब्द मी काढून घेणार नाही. पण पडद्यामागे जाऊन उपचार करणं वेगळं आणि पडदा लावून बाहेरच्या बाहेर चहा पिणं वेगळं. शब्दानं पाय डॉक्टरकडे वळले तर तो शब्द चांगला. शब्दानं पाय घरीच थांबले तर तो शब्द वाईट, मग तो मराठी असो, इंग्रजी असो की संस्कृत.

लाज झाकायला परका शब्दच लागतो, हेही खरं नाही. जपानमध्ये स्किझोफ्रेनियाला जे नाव होतं त्याचा अर्थ ‘मन फाटल्याचा आजार’ असा होता. रुग्णांच्या नातेवाइकांनी आग्रह धरला, आणि २००२ साली तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्याच भाषेत नवं नाव दिलं. त्याचा अर्थ साधारण ‘मेळ बिघडल्याचा आजार’. आधी शंभरातल्या सुमारे ३७ रुग्णांनाच त्यांचा आजार नाव घेऊन सांगितला जायचा. तीन वर्षांत हा आकडा ७० च्या घरात गेला. नाव कळण्याजोगं झालं, तसं डॉक्टरला ते तोंडावर सांगता आलं. आपल्याकडेही पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांनी ‘पेशंट’ला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणायला सुरुवात केलीच आहे. या शब्दांत माणूस दिसतो.

मग इंग्रजी नाव कधी घ्यावं? माझ्या मते शेवटी. नात्यातल्या एका पोराचं उदाहरण देतो, म्हणजे मी नुसतं फोडायचंच काम करतो असं होणार नाही. पोरगा डोंबिवलीहून ठाण्याच्या कॉलेजात जायचा. एके दिवशी जायचा थांबला. फलाटावर उभा राहायचा, गाडी यायची, हा चढायचा नाही. चार-पाच गाड्या सोडून घरी यायचा. मित्र म्हणाले, अटेन्शन सीकिंग. कॉलेजातल्या एकाने आईला सांगितलं, करिअरचा स्ट्रेस. घरात रोज शिव्या. आजीनं मात्र सरळ विचारलं, ‘कवापासून?’ पोरगा म्हणाला, दिवाळीनंतर. ‘गारी आली का काय होतं?’ छातीत धडधडतं, घाम येतो, मुंब्र्याचं वळण दिसतं. ‘मुंब्य्राला काय झालं?’ तेव्हा तो रडला. दाराशी त्याच्या पुढे उभा असलेला माणूस त्याच्या डोळ्यांदेखत खाली गेला होता. याचा हात त्याच्या बॅगेला लागलेला होता. हे त्यानं घरी सांगितलंच नव्हतं.

हे काय एकट्याचं आहे? जून २०२५ मध्ये तिथेच, दिवा-मुंब्र्याच्या मध्ये, शेजारून दोन गाड्या जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि त्यांतली काही गेली. तेवढे चार दिवस पेपरात आलं. डब्यातून ते बघणारे किती जण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गाडीला लटकले असतील आणि घरी ‘चिडका झालाय’ म्हणून ऐकून घेत असतील?

पोराला ठाण्यात एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनीही तासभर तेच केलं जे आजीनं केलं होतं. विचारलं. आणि मग, सगळ्यात शेवटी, त्यांनी त्या त्रासाचं इंग्रजी नाव सांगितलं. ते नाव ऐकून पोराचा चेहरा उजळला, कारण त्या नावाच्या मागे त्याची सगळी गोष्ट उभी होती आणि पुढे काम होतं. पहिला आठवडा नुसतं फलाटावर बसायचं, आजीबरोबर. मग दुपारच्या रिकाम्या गाडीनं कोपरपर्यंत. मग दिव्यापर्यंत. मग मुंब्रा. तीन महिन्यांनी तो कॉलेजला गेला, डब्याच्या मध्यात बसून.

तेच इंग्रजी, तेच शास्त्र. मित्रांच्या तोंडी ते पहिलं वाक्य होतं, म्हणून ते शेवटचं ठरलं. डॉक्टरीणबाईंच्या तोंडी ते शेवटी आलं, म्हणून तिथून सुरुवात झाली.

तेव्हा वाचणाऱ्यांना, मग ते शहरातले असोत की आमच्या गावचे, माझं एवढंच सांगणं आहे. कुणाचं वागणं कळेना, तर इंग्रजी नाव ओठांवर आलं की गिळा. त्याच्याऐवजी तो माणूस काय करतो, ते साध्या मराठीत सांगून बघा. ‘बाबांचा इगो आहे’ असं नको. ‘मी हाक मारली की बाबा ओ देत नाहीत, शेजाऱ्यानं मारली की देतात’ असं सांगा. सांगता सांगताच निम्मी गाठ सुटते. मग विचारा, कधीपासून? कुठे? कुणासमोर होतं, कुणासमोर होत नाही? त्याआधी काय झालं होतं? आणि हे त्याच्या पाठीमागे नको, त्याला विचारा. जो शब्द त्याच्या तोंडावर बोलायची हिंमत नाही आणि जो त्याच्या आईला कळणार नाही, तो शब्द निदान नव्हे, ती कुचाळकी आहे.

एवढं करून उकललं नाही तर डॉक्टर आहेत. घरबसल्या बोलायचं तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा नंबर फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आणि ठाणं काही लांब नाही. आपल्या बोलण्यात ठाणं शिवी होऊन बसलं, ते बदलायला तरी तिकडे सरळ तोंडानं जायला शिकू.